राघोबासाच्या मुंग्या

शिरूरच्या एसटी स्टँडवर हौसराव कोळेकरांचा आवाज ओळखत नाही असा माणूस नव्हता. भोंग्यातून 'प्रवाशांनी लक्ष द्यावे' आलं की भेळवालासुद्धा पुडी बांधता बांधता थांबायचा. पण चौकशीच्या खिडकीमागं, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, हा कंट्रोलर सातशे वर्षं मागं जाऊन बसतो हे फक्त त्यांच्या बायकोला, अनसाबाईला, माहीत होतं.

हौसराव कादंबरी लिहीत होते. यादवांच्या काळातली. तिच्यात राघोबास नावाचा महानुभाव भिक्षू. काखेत झोळी, पायाला भेगा. गावोगाव भिक्षा मागत फिरायचं, आणि जाईल तिथं कुणाचा तरी खून नाहीतर चोरी वाटेत आडवी यायची. पोरवयात बापामागं मेंढरं हिंडवताना असा एक भिक्षू हौसरावांनी खरंच पाहिला होता. वाडीतल्या बिरोबापुढं सगळे लोटांगण घालत असताना तो एकटा ताठ उभा राहिला. लोकांनी दटावलं, तर नुसता हसला. पुढं मेंढरं विकली, बापानं शेती धरली, हौसराव कंडक्टरचे कंट्रोलर झाले. पण तो भिक्षू डोक्यात तिथंच उभा.

अनसाबाई चुलीपुढं भाकरी थापायच्या आणि हौसराव उंबऱ्यावर बसून वाचून दाखवायचे.

"खून कुणी केला ते आत्ताच सांगा. माझा जीव टांगणीला."

"सांगितलं तर मजा काय ऱ्हायली?"

"मजा तुमची, भाकरी माझी करपती!"

पुण्याच्या प्रकाशकांनी बाड परत पाठवलं. रिटायर व्हायला थोडेच दिवस राहिले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या पुकारल्या. एकदा तरी आपलं नाव कुणीतरी भोंग्यातून पुकारावं, एवढी एकच इच्छा. शेवटी ते आप्पांकडं गेले. आप्पा म्हणजे दूध सोसायटीचे चेअरमन, बिरोबा देवस्थानाचे अध्यक्ष, आणि वाडीत पान हलायचं तेही त्यांना विचारून.

"छापू की!" आप्पा म्हणाले. "पर आधी वाचून तर दाव, हौसराव. काय लिवलंय कळू दे."

हौसरावांनी मुद्दाम सगळ्यात रंगलेलं प्रकरण काढलं. देवळातला दागिना जातो. देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेका संशयिताच्या नावानं कळी चिकटवून कौल लावतात, आणि झाडलोट करणाऱ्या बाईच्या नावाची कळी पडते. सगळे तिला मारायला धावतात, तेवढ्यात राघोबास म्हणतो, थांबा. एक कळी नुसत्या पाण्यानं चिकटवलीय, दुसरी गुळाच्या पाण्यानं. पाण्याची वाळून पडणार, गुळाची पडणारच नाही. पुरावा? देवाच्या डाव्या खांद्यावर मुंग्या लागल्यात, बघा.

आप्पा मांडी थोपटत हसले. "आयला! मुंग्यांनी धरला व्हय चोर! लई डोकं हाय राव तुला. सभागृह मी घेतो, पाव्हणं मी आणतो. तू फकस्त नवा सदरा शिव."

छपाई सुरू झाली. पत्रिका वाटल्या. आणि प्रकाशनाच्या आठवड्यातच बिरोबाचा चांदीचा मुखवटा गेला.

देवळाची किल्ली आप्पांच्या घरी असायची. आप्पांचा पुतण्या पप्पू सराफाच्या दुकानाशी घुटमळताना लोकांनी पाहिला होता. पारावर कुजबुज वाढली तसे आप्पाच गरजले, "उगं कुणाच्या पोराचं नाव घेऊ नका! देवाला इचारा. लावा कौल."

भर दुपारी वाडी गोळा झाली. पुजाऱ्यानं बिरोबाच्या दोन्ही खांद्यांवर कण्हेरीची एकेक कळी चिकटवली आणि हात जोडले. "देवा, पप्पूनं नेला असंल तर डावा पाड. सारजाबाईनं नेला असंल तर उजवा."

सारजाबाई देऊळ झाडायची. विधवा, एकटी. ती खांबाला टेकून उभी होती. आपलं नाव देवापुढं घेतलंय हे तिला उमजायच्या आतच उजवी कळी पडली.

हौसराव पुढंच होते. त्यांनी डाव्या खांद्याकडं पाहिलं. काळ्या मुंग्यांची रांग दगडावरून वर चढत होती, थेट कळीकडं. त्यांनी आप्पांकडं पाहिलं. आप्पा त्यांच्याकडंच बघत होते. अगदी शांत.

"हौसभाऊ," सारजाबाईचा आवाज फाटला, "तुमी शिकल्यालं हायसा. तुमी तरी सांगा ह्यांना. म्या न्हाई घेतला!"

राघोबासाचं वाक्य तोंडपाठ होतं. 'थांबा' एवढंच तर म्हणायचं होतं.

"देवाचं काम हाय, सारजाबाई," हौसराव म्हणाले. "त्यात मी काय बोलणार?"

त्या संध्याकाळी अनसाबाईनं चूलच पेटवली नाही.

"मुंग्या व्हत्या. म्या बी बघितल्या."

"असत्यात मुंग्या. उन्हाळा हाय."

"आप्पांना ते परकरण कुणी वाचून दावलं?"

हौसराव नव्या सदऱ्याची घडी घालू लागले.

"जावा, आत्ता जावा आन् सांगा समद्यांना."

"रविवारी प्रकाशन हाय, अनसा. एवढं हू दे. मग बोलतो."

"मग कोन ऐकणार? आन् तवर ती बाई ऱ्हाईल व्हय हितं?"

नाही राहिली. शनिवारी बोचकं डोक्यावर घेऊन ती दौंडकडच्या खुटबावला लेकीकडं गेली. जाताना कुणी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

रविवारी भोंग्यातून नाव पुकारलं गेलं. 'आपल्या मातीतले लेखक श्री. हौसराव कोळेकर!' नवा सदरा, हार, टाळ्या. आप्पा भाषणात म्हणाले, "सत्याचा इजय कसा व्हतो, हे ह्या पुस्तकातून शिकण्यासारखं हाय." पहिल्या रांगेत पप्पू शिट्टी मारत होता. अनसाबाईची खुर्ची रिकामी होती. पुढं महिन्याभरात बिरोबाला नवा मुखवटा आला, खाली आप्पांचं नाव कोरलेलं. आप्पांनी पुस्तकंही शाळाशाळांतून वाटली, दौंड तालुक्यातसुद्धा.

'मग बोलतो' म्हणालेले हौसराव काही बोलले नाहीत. आधी जत्रा होती, मग सोसायटीची निवडणूक.

पावसाळा सरताना एके दिवशी चौकशीच्या खिडकीसमोर सारजाबाई उभी राहिली. वाडीत राहिलेली भांडी न्यायला आली होती. पिशवीतून पातेल्याचा काठ दिसत होता.

"दौंडची गाडी कवा हाय, भाऊ?"

"लागंलच आता. बरी हाईस ना?"

"हाय की. माझ्या नातीच्या, रुपालीच्या शाळेत तुमचं पुस्तक आलंय. तिनं वाचून दावलं मला. समदं." तिनं पातेल्याचा काठ पिशवीत दाबला. "त्यातल्या बाईला गोसाव्यानं सोडवली."

"व्हय."

"मुंग्या दावून."

हौसरावांनी वेळापत्रकाचं पान उलटलं.

"तुमी कौलाच्या आधी लिवलं का नंतर?"

खोटं बोलायला जागा होती. पण पुस्तकावर कौलाच्या आधीचाच महिना छापलेला होता, आणि रुपालीला वाचता येत होतं.

"आधी," ते म्हणाले.

"म्हंजी तुमाला समदं म्हाईत व्हतं." ती रागावली नाही, रडलीही नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "त्यो गोसावी लई चांगला लिवलाय, भाऊ. कुठनं सुचला?"

तेवढ्यात गाडी वळून फलाटाला लागली. हौसरावांनी सवयीनं माईक पुढं ओढला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. शिरूरहून दौंडकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे."

आवाज नेहमीसारखाच स्वच्छ आला. भेळवाला पुडी बांधता बांधता थांबला, आणि सारजाबाई मागं न बघता गाडीत चढली.