बंद म्हणजे काय

ऑफिसात तिला सगळे अर्थबाई म्हणत. नाव चेष्टेनं ठेवलं होतं, पण ते इतकं चिकटलं की नव्यानं आलेल्यांना ते तिचं आडनावच वाटे.

आधीची बावीस वर्षं बाई छापखान्यात मुद्रितं तपासायची. वेलांटी पहिली की दुसरी यावरून लेखकांशी भांडायची आणि बहुतेक वेळा जिंकायची. मग छापखान्याला टाळं लागलं आणि ती या यंत्रं जोडणाऱ्या कंपनीत आली. यंत्रांचा आणि शब्दांचा काय संबंध, असं कोणीही विचारील. तिनंही विचारलं होतं. उत्तर असं निघालं की यंत्रं बोलतात, पण प्रत्येक आपल्याच भाषेत. एक ‘तापमान’ म्हणतं, दुसरं ‘टेंप’, तिसरं नुसतं ‘टी-दोन’. एकेका कारखान्यात अशी शंभर यंत्रं क्षणाक्षणाला काहीतरी कळवत असतात. कोण कशाबद्दल बोलतंय आणि त्याचा अर्थ काय, हे एका कोशात लिहून ठेवायचं. संगणक तो कोश वाचतो आणि त्या क्षणी ठरवतो, इथं ठीक आहे, तिथं धोका आहे. कोश लिहिणं हे बाईचं काम. यंत्रं लेखकांसारखी रुसत नाहीत, म्हणून तिला ते आवडायचंही.

तिची धाकटी बहीण फळांच्या शीतगृहात देखरेखीला होती. तिथल्या खोल्या साध्या नव्हत्या. सफरचंदं महिनोन्‌महिने टिकावीत म्हणून आतली हवा काढून दुसरा गॅस भरायचा. फळं त्यात सुखानं झोपतात, माणूस मात्र दोन-चार श्वासांत कोसळतो. म्हणून आधी गॅसची तोटी बंद करायची, मोठा पंखा तासभर चालवून बाहेरची हवा आत घ्यायची आणि मगच आत पाऊल टाकायचं. त्या दिवशी सकाळपासून प्रत्येक दारावर एक दिवा लागला होता. हिरवा असेल तर जा, लाल असेल तर थांब, आणि लाल असताना दार उघडं दिसलं की भोंगा. हिरवा की लाल, ते तोटी आणि पंखा पाहून अर्थबाईच्या कोशावरून ठरत होतं.

सकाळी बहिणीचा फोन आला होता. “अगं ताई, तुझे दिवे लागले! हवा मोजायचं ते मीटर गळ्यात बांधून फिरायची आणि पंखा चालवला का म्हणून विचारत बसायची कटकट गेली बघ. दुपारी सात नंबर उघडायची आहे, नमुने काढायला. तुझ्या भरवशावर जाते आत.”

“जा खुशाल,” अर्थबाई म्हणाली होती. “जन्मभर लोकांच्या चुका काढल्यात मी.”

गर्वाचं घर खाली म्हणतात ते उगाच नाही. जेवणानंतर शिपाईमामा चहा घेऊन आले. शेजारच्या टेबलावरची मुलगी सर्दीनं बेजार होती. “मामा, दार बंद करा ना. आणि पंखापण बंद करा, गारठले मी.”

मामांनी दार लोटलं, बटण दाबलं. “घ्या, सगळं बंद.”

अर्थबाईचा कप ओठांपाशी थांबला. दार बंद आणि पंखा बंद. एकच शब्द, पण दाराचं बंद होणं वेगळं आणि पंख्याचं वेगळं. आपण कोशात काय लिहिलंय?

तिनं कोश उघडला. शीतगृहाच्या जुन्या वायरमननं यंत्रांची यादी मराठीत दिली होती. दारं, झडपा, तोट्या. प्रत्येकापुढे ‘उघडे किंवा बंद’. सत्तर ओळी तशाच होत्या, म्हणून तिनं वर एकदाच लिहून टाकलं होतं: बंद म्हणजे सुरक्षित. यादीच्या शेपटाला पंखे होते. त्यांच्यापुढे ‘चालू किंवा बंद’. तेही मुकाट्यानं त्याच ओळीखाली जाऊन बसले होते. बहुतेक शुक्रवारी संध्याकाळी, ती घरी जायच्या घाईत असताना.

जिनं जन्मभर दुसऱ्यांचे ‘ध’चे ‘मा’ पकडले, तिनंच अर्थाचा अनर्थ करून ठेवला होता. तिनं सात नंबरच्या खोलीची ताजी माहिती पडद्यावर आणली. तोटी बंद. पंखा बंद. दार बंद. दिवा हिरवा. म्हणजे आत अजून गॅस कोंडलेला आणि दारावर दिवा म्हणत होता, या आत.

तिनं बहिणीला फोन लावला. रिंग वाजत राहिली. कामावर असताना बहिणीचा फोन कपाटात असतो हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी तिनं पुन्हा लावला. मग फाटकावरच्या वॉचमनला.

“त्या मागच्या बाजूला आहेत मॅडम. निरोप ठेवू का?”

“निरोप नको! धावत जा! सात नंबर उघडू नका म्हणावं!”

“पण मला फाटक सोडता येत नाही हो. थांबा, कोणी दिसतंय का बघतो...”

तेवढ्यात पडद्यावरची एक ओळ बदलली. दार उघडे.

आपल्या डोळ्यांदेखत बहीण दारातून आत चालली आहे आणि आपण तीन मजले वर, पंधरा मैल लांब, खुर्चीत बसलो आहोत, एवढंच अर्थबाईला कळत होतं. हाक मारून उपयोग नव्हता. हाताशी होता तो फक्त कोश.

कोशातली ओळ साहेबांना विचारल्याशिवाय बदलायची नाही असा नियम होता, आणि नियम शहाणपणाचा होता. तोच कोश आणखी अकरा कारखान्यांत चालत होता. तिथं कुठला पंखा कधी बंद असतो हे तिला माहीत नव्हतं. भलत्या ठिकाणी भोंगा वाजेल, चालतं काम अर्ध्यात थांबेल, घाबरून पळताना कोणाला इजा होईल. साहेब मीटिंगमध्ये होते. घाईत ‘पंखा’ हा शब्द तिला तीनदा लिहावा लागला. पंखा बंद म्हणजे धोका. तिनं बटण दाबलं.

सात नंबर: दिवा लाल, भोंगा चालू. दार उघडेच, पंखा बंदच.

मग काहीच बदलेना. ऑफिसातले फोन एकामागून एक वाजू लागले. अकरा कारखान्यांतले लोक शिव्या घालत होते. साहेब बाहेर येऊन, “कोणी केलं हे?” म्हणून ओरडले. तिनं मान वळवली नाही. एवढ्यात ओळ बदलली. पंखा चालू. कोणी चालू केला? बहिणीनं की तिला खाली पडलेली पाहून आलेल्या माणसानं? पंख्याचं कळत होतं, दाराचं कळत होतं. बहिणीचं कळवणारं यंत्र कोणी बसवलं नव्हतं. चार मिनिटं ती नुसती पडद्याकडे बघत राहिली, आणि त्या चार मिनिटांत आईला काय सांगायचं याचा विचारही तिच्या मनात येऊन गेला.

फोन वाजला.

“अगं ताई!” आवाज फाटलेला होता, पण तिचाच होता. “वाचले गं! दोन पावलं आत गेले आणि गुडघेच गेले माझे. तेवढ्यात तुझा भोंगा बोंबलला. फोर्कलिफ्टवाल्यानं कॉलर धरून ओढलं बाहेर. सगळ्यांना सांगतेय मी, माझ्या ताईच्या दिव्यानं वाचवलं म्हणून!”

अर्थबाईला रडू फुटलं. पडद्यावरची बदललेली ओळ वाचत शेजारी उभ्या राहिलेल्या साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. काही बोलू नका. आणि खरंच, न बोलून चालणार होतं. तिकडे टाळ्या पडत होत्या.

पण दिवे तर अजून अठरा दारांवर होते.

“ऐक,” ती म्हणाली. “दिवा आधी हिरवा होता तो माझ्यामुळे. मी चुकीचा अर्थ लिहिला होता. माझ्या दिव्यांवर आता कोणी जाऊ नका.”

पलीकडून बहिणीचा धापा टाकल्यासारखा श्वास ऐकू आला.

“थांबा,” ती म्हणाली. “मॅनेजरना देते. त्यांच्याशी बोला.”

बोलायला लागल्यापासून जिनं ‘अगं ताई’शिवाय कधी तोंड उघडलं नव्हतं, तिनं ‘थांबा’ म्हटलं होतं. अर्थबाई फोन कानाला लावून थांबली.