घरी वाढतं कोण

भूकंप न्हाणीघरात घसरून पडला आणि ताईच्या सकाळचा विचका झाला.

भूकंप हे त्याचं पिंजऱ्यातलं नाव. फोनवर त्याची आई रडत होती. मनगट मोडलं, प्लास्टर घातलं, आता लढत कशी होणार म्हणून विचारत होती. ताईने तिची समजूत घातली, फोन ठेवला आणि समोरच्या भिंतीवरच्या पोस्टरकडे पाहिलं. त्यावर हाच भूकंप दोन्ही मुठी वळून, दात-ओठ खाऊन उभा होता.

"जग हलवायला निघालेत, आणि पायाखालचा साबण दिसत नाही," ती त्या पोस्टरला म्हणाली.

टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत कंपनीचं ऑफिस होतं. कंपनीही ऑफिसाएवढीच. आसपासच्या गावांतल्या व्यायामशाळांमधली मुलं गोळा करायची, क्रीडासंकुलाच्या हॉलमध्ये जाळीचा आठकोनी पिंजरा उभा करायचा आणि त्यात लढती लावायच्या. बुक्के, लाथा, पकडी, सगळं चालतं. एमएमए म्हणतात त्याला. कुणाची जोडी कुणाशी लावायची हे ठरवणं ताईचं काम. ताई स्थळं जुळवते, अशी सगळे तिची थट्टा करत. ती म्हणायची, "स्थळं परवडली. तिथे वजन चोरलं तरी पोराला कुणी काट्यावर उभं करत नाही."

या कामात आल्यापासून तिच्या नाकी नऊ आले होते. एकाचं वजन उतरत नाही, दुसऱ्याला समोरचा पोरगा फार उंच वाटतो, तिसऱ्याला प्रवेशाच्या वेळी दुसऱ्या कुणाचं गाणं लागलं म्हणून राग येतो. आणि खोटं बोलण्यात सगळे एकजात पटाईत. गुडघा सुजून भोपळा झाला तरी "एकदम फिट आहे ताई" म्हणणार. त्यांच्या प्रशिक्षकांना विचारावं, तर ते त्यांच्याहून सवाई.

पण खोटं पकडण्यात ताईचाही हात कुणी धरला नसता. उमेदीची सगळी वर्षं तिने बसडेपोत ड्रायव्हरांच्या ड्युट्या लावण्यात घालवली होती. कोणता ड्रायव्हर खरंच आजारी आहे आणि कोणाच्या मेहुण्याचं लग्न आहे, हे तिला आवाजावरून कळे. शंका आलीच तर ती सरळ त्याच्या घरी फोन करी. तीच सवय तिने इथे आणली. पोरगा लढायला तयार झाला, की ती त्याला एकच विचारी, "घरी वाढतं कोण?" आई असो, बायको असो, आजी असो, एकाच्या बाबतीत तर सासरे होते, ताटात वाढणाऱ्या माणसाशी ती फोनवर बोलायची. काय खातो, झोप कशी आहे, हे विचारून झालं की शेवटी हमखास विचारायची, "आणि हल्ली त्याच्या कशाचा वैताग येतो?"

तब्येत कशी आहे विचारलं तर घरचेही "बरी आहे" म्हणतात. वैतागाचं विचारलं की मात्र धरण फुटतं. एक आई म्हणाली होती, "हल्ली जेवणाला नावंच ठेवत नाही हो. मऊ भात पुढे ठेवला की मुकाट्याने गिळतो. मलाच चुकल्यासारखं होतं." पोराच्या जबड्याला चीर गेली होती. एकीने सांगितलं, नवरा फ्रिजचं दार उघडून नुसता आत बघत उभा राहतो, वीज जळते. त्याचं वजन उतरणार नाही हे ताईने तिथेच ओळखलं.

मालकाला सुरुवातीला हे सगळं खूळ वाटायचं. मालक पूर्वी लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा आणि अजूनही शेजारच्या माणसाशी मैदानभर ऐकू जाईल असं बोलायचा. एकदा एका आजीने नको म्हटलेलं असताना त्याने तिच्या नातवाला उतरवलं. पोराला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. पोरगा वाचला, पण स्ट्रेचरमागे मालक अनवाणी धावला होता, त्याचे बूट पिंजऱ्यापाशीच राहिले होते. त्यानंतर घरच्या माणसाचा शब्द अखेरचा, हे त्यानेच ठरवून टाकलं.

तर भूकंप पडला, आणि त्याची जागा भरायची होती. मुख्य लढत होती. समोर पोलाद नावाचा मल्ल होता. त्याची उजव्या पायाची उंच लाथ समोरच्याच्या डाव्या कानशिलावर कधी येऊन बसायची, याचा पत्ता लागायच्या आत माणूस आडवा झालेला असायचा. असल्या माणसासमोर आयत्या वेळी कोण उभं राहणार? मालक खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होता. "कुणीतरी मिळेलच की," एवढंच तो सकाळपासून सांगत होता.

मिळाला, तो घरातच. ताई दुपारी जेवायला घरी आली तर तिचा धाकटा भाऊ दारातच उभा होता.

"मी लढतो," तो म्हणाला.

घरी त्याला बाब्या म्हणत. चाळिशीला टेकला तरी बाब्या तो बाब्याच. बायकोशी पटेना म्हणून एक बॅग घेऊन चार दिवसांसाठी बहिणीकडे आला, आणि ते चार दिवस काही संपले नाहीत. ओले टॉवेल पलंगावर टाकायचे, दिवे चालू ठेवायचे, पातेल्यातूनच खायचं. ताई उठता-बसता करवादायची. कामही तिला त्यानेच मिळवून दिलं होतं, ही त्याची जमेची एकमेव बाजू. तीही डोक्याला ताप म्हणूनच तिने मांडली असती.

एके काळी तो कंपनीचा सगळ्यात गाजलेला लढवय्या होता. वादळ म्हणत त्याला. पण शेवटची लढत तो घंटा वाजते न वाजते तोच हरला. लोक हसले. कुणीतरी त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरवला. तेव्हापासून गेली दोन वर्षं तो म्हणत होता, की मला एकदा, फक्त एकदा आपल्या गावात पुन्हा उतरायचंय. हरलो तरी चालेल, पण उभ्याने हरू दे.

ताईला हे ठाऊक होतं. पहाटे उठून तो पुन्हा धावायला लागला होता, तेही तिने पाहिलं होतं. त्याच्याकडे बघून तिला वैताग यायचा, पण पोटात तुटायचंही. ती म्हणाली, "बघते," आणि मालकाला कळवलं. मालक एवढ्या मोठ्याने खूश झाला, की फोन कानापासून लांब धरावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नियमाप्रमाणे तिने पोलादच्या घरी फोन केला. पोलादची बायको शिवणकाम करायची. बोलताना मागे मशीन चालूच होतं. नवरा व्यवस्थित जेवतो, घोरतो, वैताग एवढाच, की आरशासमोर उभं राहून लाथा मारतो आणि काल त्याने दिव्याची काच फोडली. ताई हसली. तब्येत ठणठणीत होती.

"आता मी एक विचारू, ताई?" ती बाई म्हणाली. मशीन थांबलं. "मागच्या लढतीत ह्यांच्या लाथेने तो दुसरा पोरगा पडला ना, त्यानंतर दोन रात्री हे झोपले नाहीत. तुम्ही आमच्याकडची एवढी चौकशी करता, बरं वाटतं. पण समोर तुमचा भाऊ आहे असं कळलं. त्याच्या घरी कुणाला विचारलंत?"

ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रागावू नका. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं आपण म्हणतो. इथे तर उलटंच झालं म्हणायचं. कार्ट्याची चौकशी झाली, बाब्याची राहिली. त्याला वाढतं कोण?"

"मीच," ताई म्हणाली.

"मग तुम्हाला हल्ली त्याच्या कशाचा वैताग येतो?"

एवढं विचारायचीच खोटी होती. ताईने पदरात साठवलेलं सगळं सांडलं. टॉवेल झाले, दिवे झाले. "आणि बाई, पाणी. पेल्यात म्हणून पाणी ओतेल तर शपथ. अर्धं बाहेर. रोज टेबल पुसून पुसून माझा हात दुखतो. पेला ठेवेल तो टेबलाच्या कडेवर, की खाली पडलाच. दोन पेले फोडले. दाराची चौकट म्हणजे ह्याची वैरीण, येता-जाता खांदा आपटतो, डावाच. मी ओरडते, डोळे कुठे असतात रे तुझे..."

आणि ती थांबली.

पलीकडून ती बाई हळूच म्हणाली, "ठेवते, ताई." मशीन काही पुन्हा सुरू झालं नाही.

ताई त्या खुर्चीत तशीच बसून राहिली. तिला स्वतःची इतकी चीड आली, की समोरचं पोस्टर फाडून टाकावंसं वाटलं. दुसऱ्या कुणा आईने हे सांगितलं असतं, तर पहिल्या वाक्यालाच तिचे कान टवकारले असते. इथे रोज तिच्या नाकासमोर पाणी सांडत होतं आणि ती फडकं घेऊन बोंबलत होती.

दुपारी तिने नेहमीसारखं ताट वाढलं. बाब्या जेवायला बसला. ती त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि भाजीचा डाव त्याच्या चेहऱ्याजवळ धरला, हातभर अंतरावर. तो खात राहिला. तिने डाव आणखी पुढे नेला. तो समोर बघत म्हणाला, "भाजी आण की अजून."

"आणलीय," ती म्हणाली.

त्याने दचकून मान वळवली. डाव पाहिला, तिचा चेहरा पाहिला. घास तसाच हातात राहिला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दिसतं गं. उजव्याने चांगलं दिसतं. डाव्यात जरा धुकं आहे. कडेने पडदा ओढल्यासारखं होतं मधून मधून."

"कधीपासून, बाब्या?"

"त्या लढतीनंतर. हल्ली थोडं वाढलंय."

"आणि लढतीआधी डॉक्टर डोळे तपासतील तेव्हा?"

"तो अक्षरांचा तक्ता मला पाठ आहे," तो म्हणाला. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, एकच लढत. त्यानंतर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. तू बोलली नाहीस तर कुणाला कळणार नाही."

हे खरं होतं. त्याला वाढणारी तीच. तिने तोंड मिटून घेतलं असतं, तर विचारायला दुसरं घरच नव्हतं.

"ती लाथ डावीकडूनच येते," ती म्हणाली.

"माहितेय मला. मी हात वर ठेवेन."

"पेला कुठे आहे ते तुला दिसत नाही, आणि लाथ दिसणार आहे?" ती चिडून बोलली, पण रोजच्यासारखं तिला ते नीट जमलं नाही.

"तू माझी बहीण आहेस की कंपनीची माणूस?"

तिने ओट्याजवळ ठेवलेला फोन उचलला आणि त्याच्या समोरच मालकाला लावला.

मालक सुरूच झाला. पोस्टर छापायला गेलंय, वादळ परत येतंय म्हणून तिकिटांसाठी झुंबड उडालीय, हॉल कमी पडेल. ताईने त्याला बोलू दिलं. त्याचा श्वास संपल्यावर ती म्हणाली, "मी ऑफिसातून बोलत नाहीये. त्याच्या घरून बोलतेय."

लाऊडस्पीकर एकदम बंद पडला. ताईला वाटलं, फोन तुटला. मग तिने कधी ऐकला नव्हता असा बारीक आवाज आला. "बरं," मालक म्हणाला. "हल्ली त्याच्या कशाचा वैताग येतो?"

"पाणी सांडतो," ताई म्हणाली. "डाव्या बाजूचं दिसत नाही त्याला."

"कळलं," तो म्हणाला. "पोस्टर थांबवतो. त्याला डॉक्टरकडे ने. गाडी पाठवू का?"

"उद्या सकाळी पाठवा."

तिने फोन खाली ठेवला. बाब्या ताटाकडे बघत बसला होता. तो ओरडेल, ताट भिरकावेल, बॅग भरायला उठेल, असं काय काय तिच्या मनात येऊन गेलं. त्याने यातलं काही केलं नाही. पाण्याचा जग उचलून त्याने पेल्यात पाणी ओतलं. अर्धं पेल्यात गेलं, अर्धं टेबलावर पसरलं.

दोघंही त्या पाण्याकडे बघत राहिले. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो स्वतः उठला, ओट्यावरचं फडकं आणलं आणि टेबल पुसायला लागला. मान खाली घालून, जोर लावून, चांगलं दोनदा पुसलं. फडकं पिळून पुन्हा जागेवर ठेवलं.

"झालं," तो म्हणाला.

डावीकडच्या कडेवरून पाणी अजून फरशीवर ठिबकत होतं.

"हो, झालं," ताई म्हणाली, आणि तो खोलीत जाईपर्यंत फडक्याला हात न लावता उभी राहिली.