डबा बंद पडताना काय बोलला

दादा म्हणाला, नवीन डबा मागव आणि मोकळी हो. मी म्हटलं, मुळीच नाही. हा दुपारी का मरतो ते कळल्याशिवाय दुसरा आणला तर तोही मरेल, मग काय दर महिन्याला तेरावं घालत बसायचं? दादा हसला नाही. त्या दिवसांत माझ्यासमोर हसायची कोणाची टाप नव्हती.

दोन हजारचं दशक निम्मं सरलं होतं. आम्ही बहीणभावांनी रत्नागिरीत इंटरनेट पुरवायचा धंदा काढला होता. जिथे तार पोचत नाही तिथे उंचावरच्या घरावर पाइप उभा करायचा, त्यावर अँटेना आणि जेवणाच्या डब्याएवढा एक पत्र्याचा डबा. डब्यात छोटासा कॉम्प्युटर. त्याला पंखा नाही, हार्डडिस्क नाही, काडेपेटीएवढं मेमरी कार्ड तेवढं. खाडीपलीकडच्या गावात असा डबा आम्ही मे महिन्यात चाचींच्या कौलांवर बसवला. चाची म्हणजे मासेमारी बोट चालवणाऱ्या एका तांडेलाची विधवा. सगळं गाव त्यांना चाची म्हणायचं, म्हणून आम्हीही. जागेच्या बदल्यात मी त्यांना शब्द दिला होता की गणपती झाले की पडवीत कॉम्प्युटर आणि कॅमेरा लावून देईन, ह्या डब्यातून तुमचा लेक येईल.

लेक मस्कतला बंदरात कामाला. कित्येक वर्षांत घरी आलेला नाही, सुट्टी मिळणार ती पुढच्या वर्षी. आणि चाचींचा एक डोळा काचबिंदूनं गेला होता, दुसरा चालला होता. लेक येईपर्यंत नजर टिकेल का, ह्यावर डॉक्टर नुसती मान हलवायचे. म्हणजे लेक दिसायचा तर ह्या पडद्यावर, आणि आत्ताच. तिकडे त्याच्या खोलीतल्या दोस्ताचा कॉम्प्युटर त्याला शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर तासभर मिळायचा. आमच्याकडे तेव्हा भर दुपार. आणि नेमका त्याच वेळी, ऑक्टोबर लागल्यापासून, डबा मरत होता. चित्र यायला लागायचं, टोपी दिसायची, कपाळ दिसायचं, की गेलं. चाची फक्त म्हणायच्या, "राहू दे गो बाय, पुढच्या जुम्म्याला." मला रडू यायचं आणि त्याचाच राग यायचा.

सकाळी जाऊन बघावं तर डबा आपला शहाण्यासारखा चालू. काय बिघडलं होतं ते विचारावं कुठे? असल्या यंत्रात आत काय चाललंय त्याच्या ओळी सतत लिहिल्या जातात, त्याला लॉग म्हणतात. पण ह्या डब्याचा लॉग त्याच्या तात्पुरत्या मेमरीत. डबा बंद पडला की पाटी कोरी.

मग मी लॉग कार्डावर लिहायला लावला. कार्ड ते केवढंसं! चार दिवसांत काठोकाठ भरलं आणि डबा सुरूच होईना. गावभर इंटरनेट बंद. दादानं मुकाट्यानं जाऊन कार्ड बदललं आणि आल्यावर एवढंच म्हणाला की ह्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी जेवले नाही, पण नादही सोडला नाही.

दुसरा मार्ग होता. लॉग डब्यात ठेवायचाच नाही, प्रत्येक ओळ लिहिली की लगेच रत्नागिरीतल्या माझ्या कॉम्प्युटरकडे पाठवायची. मरेल तोवरचं तरी हाती लागेल. सेटिंगच्या फाइलमध्ये माझ्या मशीनचा पत्ता घातला आणि उत्साहाच्या भरात बारीकसारीक सगळं पाठव म्हणून सांगितलं. झालं! डबा इतका बडबडायला लागला की त्या बडबडीनंच लाइन तुंबली. तेव्हा चाळण लावली: कामाचं तेवढं बोल. त्यात घड्याळाचं दुखणं. त्या डब्याला घड्याळाची बॅटरी नाही, दर वेळी तो एकोणीसशे सत्तर सालात जागा व्हायचा, असल्या यंत्रांचं घड्याळ तिथूनच सुरू होतं. त्याला वेळ माझ्या मशीनकडून घ्यायला लावली. शेवटी, त्याच्या आतल्या सर्किटच्या पट्टीवर तापमान मोजायची सोय होती म्हणून, दर मिनिटाला तेही लिहायला लावलं.

गुरुवारी दुपारी ओळी येत होत्या आणि मी नखं खात वाचत होते. अकराला साठ अंश. एकला सत्तर. मग ऐंशी, मग त्याच्याही पुढे, आणि मग ओळच नाही. डबा बिघडलेला नव्हता. शिजत होता.

शुक्रवारी सकाळीच तरीच्या होडीनं खाडी ओलांडली. खालून बघितलं तर डब्याभोवती प्लास्टिक. ते मी आधी दहादा बघितलं असेल! पण आमच्याकडे पावसाळ्याआधी काय गुंडाळत नाहीत? लाकडं, स्कूटर, टाकीचं झाकण. डोळ्यांना ते खुपलंच नाही, आणि कार्ड बदलताना दादानंही ते सोडून पुन्हा तसंच बांधलं होतं. शिडी लावून तणतणत वर गेले. साधं प्लास्टिकही नव्हतं ते, पुरुषाचा जुना जाड रेनकोट होता. बाह्या दोनदा फिरवून जाळ्याच्या दोरीनं करकचून आवळलेल्या. वाऱ्याला शिरायला फट म्हणून नाही. वरूनच ओरडले, हा उपद्व्याप कोणाचा?

चाची अंगणात माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वर करून उभ्या होत्या.

"मीच बांधून घेतला. त्याचाच कोट आहे तो. ह्यातून माझा लेक येणार म्हणालीस ना तू? मग भिजू कसा देऊ?"

माझा सगळा राग त्या कौलांवरच राहिला. खाली उतरून सांगितलं की पावसात तुमचं बरोबरच होतं, चाची, आता उन्हात त्याला वारा लागतो. डब्यावर सावलीपुरता पत्रा बांधला. कोट त्यांनी घडी करून मांडीवर घेतला.

दुपारी दादाचा फोन आला, तापमान पन्नाशीतच आहे म्हणून. पडवीत चित्र आलं. टोपी, कपाळ, डोळे, आणि ह्या वेळी ते गेलं नाही. चाचींनी खुर्ची पुढे ओढली, नाक पडद्याला टेकेल इतकी, आणि चांगल्या डोळ्यानं वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या. तो विचारत होता, अम्मा, दिसतंय ना?

"दाढी पिकली रे तुझी."

तिकडे त्यानं पटकन हनुवटीवर हात ठेवला.

"झाकू नको," चाची म्हणाल्या. "बघू दे मला."