कौलांवरचं जाळं

वादळाची बातमी आली, तशी समोरच्या काकी आणि त्यांची सून घराच्या कौलांवर मासेमारीचं जुनं जाळं पसरू लागल्या. मागच्या वादळात कौलं पाचोळ्यासारखी उडाली, तेव्हापासून आमच्या किनाऱ्यावर सगळेच असं करतात. जाळ्याच्या कडांना दगड बांधायचे आणि आत जाऊन बसायचं.

"काकी, घर विकून का टाकत नाही?" मी कुंपणाजवळून विचारलं.

"घेणाऱ्याला काय सांगू रे? हितं वादळ येत नाय म्हणून?" दगडाला गाठ मारत त्या म्हणाल्या.

माझंही घर कधीपासून विकायला काढलंय. लोक येतात, पडवीतून समुद्र किती छान दिसतो म्हणतात. मग भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेकडे नजर जाते. चहा पिऊन जातात, ते परत येत नाहीत.

काकांनी जन्मभर ज्या जाळ्यानं मासे धरले, त्यात आता त्यांचंच घर अडकलं होतं. मासा निदान तडफडतो तरी. काकींनी आत जाऊन देवापाशी दिवा लावला.

वारा वाढू लागला होता. मी हाक मारली, "काकी, थोडं जाळं उरलंय का?"