ब्रह्मचाऱ्याचा शुक्रवार

दुबईत, देरा भागातल्या एका खोलीत आम्ही सहाजण राहायचो. पाच मल्याळी आणि मी एकटा चिपळूणकडचा. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शुक्रवारी सुट्टी असायची. सकाळी कपडे धुवायचे, दुपारी खोबरेल तेलातली मासळी आणि जाडा लाल भात, आणि मग व्हीसीआरवर तोच सिनेमा. लग्नाला ठाम नकार देणाऱ्या एका चाळिशीतल्या गृहस्थाचा मल्याळी विनोदी सिनेमा. ग्रोसरीतून भाड्याने आणलेली कॅसेट आम्ही परत केलीच नव्हती, आणि दुकानदारानेही ती मागायचं सोडून दिलं होतं.

हा हट्ट चेट्टनचा. चेट्टन म्हणजे थोरला भाऊ. सगळे त्यांना तसंच म्हणायचे, मीही. पन्नाशी गाठलेले, एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर, आणि बिनलग्नाचे. त्या सिनेमातला नायक म्हणजे आपणच, असं ते धरूनच चालायचे. नायक तोंड उघडायच्या आत त्याचं वाक्य हे बोलून मोकळे. त्यात मुलगी बघण्याचा एक प्रसंग होता. सुटका करून घ्यायला नायक छातीवर हात ठेवतो आणि खुर्चीवरून घसरून खाली पडतो. तो प्रसंग आला की चेट्टनही छाती धरून गालिच्यावर आडवे व्हायचे. सगळे पोट धरून हसायचे. दर शुक्रवारी.

मला मल्याळम ओ की ठो कळत नसे. पण तो सिनेमा मला आवडायचा, कारण लग्न मलाही नको होतं. आईचा फोन आला की मी काहीतरी सबब काढून वेळ मारून न्यायचो. खोलीतल्या बाकीच्या चौघांची लग्नं झालेली होती. बायका तिकडे, हे इकडे. दोन वर्षांनी एकदा सुट्टी. एकाचा मुलगा तर सुट्टीत त्यालाच अंकल म्हणाला होता. असलं लग्न करून काय करायचं, असं मला वाटे.

त्या शुक्रवारी तो प्रसंग यायच्या जरा आधीच चेट्टन खाली पडले. घाई झाली असेल, असं सगळ्यांना वाटलं. हशा पिकला, एकाने टाळ्याही वाजवल्या. भाषा कळत नसल्यामुळे मी पडद्यापेक्षा माणसांची तोंडंच जास्त बघायचो, म्हणून माझी नजर त्यांच्याकडे गेली. एसी घुमत होता आणि त्यांचा बनियन घामाने भिजला होता. डोळे उघडे होते. ते माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, हे नाटक नाही. शेजारचा म्हणाला, बैठ जा यार, तुला जोक समजला नाही. क्षणभर मला वाटलं, असेलही तसं. उगाच हसं होईल. तरी पुढे होऊन मी त्यांचा हात धरला. फ्रिजमधून काढलेल्या माशासारखा थंडगार होता. मी उठलो आणि टीव्ही बंद केला. चौघेही माझ्यावर ओरडले आणि मग एकदम गप्प झाले, कारण आता चेट्टनचा श्वास ऐकू येत होता.

आमच्यातला एक पिकअप चालवायचा. त्याच्याच गाडीत मागे आडवं घालून आम्ही त्यांना हॉस्पिटलात नेलं. वाटेत प्रत्येक सिग्नलला मी त्यांच्या नाकासमोर बोट धरून बघत होतो. काउंटरवर बाईने विचारलं, यांचं कोण आहे? आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी म्हणालो, मी भाऊ. तिने नाव विचारलं, धर्म विचारला, गाव विचारलं, आणि प्रत्येक उत्तराला माझी भीती वाढत गेली. खोटं पकडलं जाईल याची नव्हती ती भीती. खरंच माझ्याशिवाय त्यांचं कोणी नाही, याची होती.

ते वाचले. दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं तेव्हा नळ्या लावलेल्या, पण शुद्धीवर होते. मी म्हटलं, चेट्टन, काळजी करू नका, आम्ही लगेच आणलं तुम्हाला.

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं.

"मुझे सब सुनाई दे रहा था," ते म्हणाले. "तुम लोग हँस रहे थे. मैंने सोचा, पिक्चर खलास होने तक कोई नहीं देखेगा."

मी त्यांच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. थोड्या वेळाने ते म्हणाले, लग्न करशील ना, तर तिला इकडे आण. गावाला ठेवलेल्या बायकोला इथला आवाज ऐकू जात नाही.

बाहेर आलो आणि समोरच्या बूथवरून घरी फोन लावला. आई म्हणाली, आज कसा काय फोन, बरा आहेस ना? मी म्हटलं, मुलगी बघ. ती इतकी हरखली की मला पुढे बोलूच देईना. शिकलेली हवी का, नोकरी करणारी चालेल का, उंची किती हवी. मी म्हटलं, इथे माझ्याबरोबर येऊन राहणारी हवी, बाकी काही नको.

"अरे, पण एवढी घाई काय झाली?"

सहा फुटांचा पस्तिशीचा घोडा मी, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभा होतो.

"आई, मला इथे एकट्याला भीती वाटते."

ती हळूच म्हणाली, "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"