अकरा ते सहाचं व्रत

माझं वजन काही एका दिवसात वाढलं नव्हतं, पण डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवरून नजर उचलून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी आदल्या रात्रीच सगळं खाऊन बसले होते. साखर काठावर आली होती. "तीन महिने देते. उतरली नाही तर गोळ्या," त्या म्हणाल्या. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी गोळ्या, मग इंजेक्शनं, मग नजर गेली. मला भीती वाटली आणि ती दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्यावरही गेली नाही.

उपाय त्यांनीच सांगितला. खायचं ते सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा, तेही बेतानं. बाकी वेळ नुसतं पाणी. तंजावुरात तेव्हा घरोघर केबल नुकतीच आली होती, आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये परदेशी सरबतांचा काचेच्या दाराचा फ्रीज बसला होता. सगळं गाव काय नवीन खायला मिळतं ते बघत होतं आणि मी नेमका तोच मुहूर्त गाठून तोंडाला कुलूप लावायला निघाले होते.

पहिल्याच सकाळी अडलं. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या घरच्या तंजावरी मराठीत आत्याबाई, पहाटे उठून डिकॉक्शन उतरवायच्या आणि साडेपाचला माझ्यापुढे काफीचा टंबलर ठेवायच्या. लग्न झाल्यापासून त्यात खंड नव्हता. मी टंबलर मागे सरकवला.

"का गे? कोण्या देवास उपास?"

देव नाही, डॉक्टर आहे, असं सांगणं शक्य नव्हतं. नोकरी करणारी सून घरातून उपाशी बाहेर पडली तर घराची अब्रू जाते असं त्यांचं मत होतं. देवासाठी मात्र सगळं माफ. माझ्या तोंडून निघून गेलं, "सूर्यास. तीन महिने. सकाळी अकरापर्यंत काही नाही, आणि तो मावळायच्या आत जेवायचं."

आत्याबाईंनी टंबलर उचलला आणि काफी स्वतः पिऊन टाकली.

पुढचे चार दिवस माझं डोकं असं ठणकलं, की केसांना फणी लावावीशी वाटेना. स्वभावानं मी आधीच तिखट, त्यात रिकाम्या पोटी. पापनाशमहून एक म्हातारे गृहस्थ पहिल्या बसनं अर्ज घेऊन आले होते. सही चुकीच्या जागी केली म्हणून मी त्यांच्यावर खेकसले. त्यांनी अर्ज मुकाट्यानं परत घेतला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "साप्टाच्चा, अम्मा?" जेवलीस का बाई? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरा फॉर्म मी स्वतः भरून दिला.

ऑफिसात मिठाईही रोज कुणाची ना कुणाची असायचीच. कुणाचा मुलगा अमेरिकेला चालला, कुणी मोपेड घेतली. अकरा वाजल्यावर खाईन म्हणून मी म्हैसूरपाक खणात ठेवायची, अकराला कामात विसरायची. शेवटी एका शुक्रवारी खण उघडला तर मुंग्यांनी माझी रजेची फाईल ताब्यात घेतली होती. त्यानंतर मी मिठाई जागच्या जागी शेजारच्या टेबलावरच्या बाईला देऊ लागले. दोन महिन्यांत तिचं वजन वाढलं, त्याला मी जबाबदार नाही.

पण खरी कठीण वेळ संध्याकाळची. टीव्हीपुढे मुरुक्कूचा, म्हणजे चकलीचा, डबा उघडला, की माझा हात आपोआप जायचा. तिथं आत्याबाई बसलेल्या. "सूर्य निजला," एवढंच म्हणायच्या आणि झाकण लावायच्या. पावणेसहाला माझं ताट वाढलेलं असायचं. आभाळ भरून आलेलं असलं तर त्या अंगणात जाऊन अंदाज घ्यायच्या. डॉक्टरला मी शंभरदा फसवलं असतं, पण सहानंतर आत्याबाईंना फसवणं एकदाही जमलं नाही.

तीन महिन्यांनी साखर उतरली. रिपोर्ट पर्समध्ये घालून मी नाचतच घरी आले. आणि आत्याबाईंनी जाहीर केलं, "पुढल्या रविवारी उद्यापन. पाच सुवाशिणी, पुरणपोळी."

उद्यापन! खोट्या व्रताचं! हसण्यावारी नेऊ म्हटलं तरी जिवाला स्वस्थता वाटेना. शनिवारी रात्री त्या हरभऱ्याची डाळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांचा हात थांबला. "रोज संध्याकाळी मी हात जोडून सांगितले त्यास, हिचं व्रत तडीस ने म्हणून. ते सगळं लटकं?"

"माझं लटकं होतं. तुमचं नव्हे."

"शुगर म्हणून सांगितली असतीस तर मी नको म्हणटले असते काय?"

"हो. काफी पिऊन जा म्हणाल्या असतात."

त्यांनी डाळीतला एक खडा काढून बाजूला टाकला. मला वाटलं, आता ह्या माझ्याशी बोलणार नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणटले असते." आणि डाळ भिजत घातली.

रविवारी गुरुजी आले. मी पाटावर बसले, हातात पाणी घेतलं. गुरुजींनी सवयीनं यजमानांच्या आयुष्यासाठी, मुलाबाळांसाठी असा संकल्प सुरू केला.

"थांबा," आत्याबाई दारातून म्हणाल्या. "त्यांची सगळ्यांची व्रतं हिनं केलीत. हे हिच्यासाठी. हिचंच नाव घ्या."

नवऱ्यासाठी, मुलांसाठी, एकदा तर दिराच्या बदलीसाठीसुद्धा मी उपास केले होते. गुरुजींनी माझं नाव घेतलं, माझ्याच आरोग्यासाठी, आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. कांद्यावर ढकलावं, तर नैवेद्याच्या स्वयंपाकात कांदाही नव्हता.