बिनसुरकुतीची गोळी

गुप्तेकाका नुकतीच ओतलेली बंदुकीची गोळी चिमटीत धरायचे, चष्मा कपाळावर सारायचे आणि गोळी नाकाच्या शेंड्यापाशी आणून फिरवून फिरवून बघायचे. अंगावर केसाएवढी सुरकुती दिसली की "नापास!" म्हणून ती परत वितळवायच्या डब्यात टाकायचे. मग त्याच हाताने माझ्यापुढे चिवड्याची बशी सरकवायचे. त्यांच्या अंगठ्याचं नख कायम करडं असे, कारण शिसं किती मऊ आहे हे ते नखाने ओरखडून ठरवत. तो चिवडा मी दोन वर्षं आवडीने खाल्ला. आता नुसतं आठवलं तरी थुंकावंसं वाटतं.

इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला, ते आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. धातुशास्त्राचे इंजिनियर, तरुणपणी सांगलीहून इकडे आले आणि सगळी नोकरी ओतकामाच्या कारखान्यात केली. आमची पहिली भेट बर्फात झाली. मी ड्राइव्हवे साफ करत होतो आणि हे रस्त्यावर उभे राहून बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "अरे, थालीपीठ उलटतोयस का? पाठ मोडेल. गुडघ्यातून वाक." आणि फावडं हिसकावून घेऊन निम्मा ड्राइव्हवे स्वतःच साफ करून दिला. आमची मुलगी ईरा झाली तेव्हा माझ्या आईबाबांना व्हिसा मिळाला नाही. तेव्हा उषाकाकूंनी महिनाभर आम्हाला डबा दिला, आणि आमच्या दारातला बर्फ रोज सकाळी काका काढून जात. हेही सांगायला हवं. नाहीतर पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक रिव्हॉल्व्हर घेतलं. बत्तीस कॅलिबरचं, लहानखुरं, जुन्या धाटणीचं. प्रत्येक वेळी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, मगच चाप दाबायचा. घरात उंदीर निघाला तर पिंजऱ्यात पकडून पार्कात सोडून येणारा हा माणूस. जीव घ्यायचा प्रश्नच नव्हता. नेमबाजीच्या रेंजवर जाऊन कागदाला भोकं पाडायची, एवढाच शौक. पण त्या रिव्हॉल्व्हरला दुकानातली गोळी चालेना. "बाजारची गोळी म्हणजे बाजारचं लोणचं," ते म्हणत. "सगळ्यांना चालतं, म्हणून कुणालाच आवडत नाही." मग गराजमध्ये शिसं वितळवणं सुरू झालं.

गोळी निवडणं हा त्यांचा दोन वर्षांचा उद्योग होता, आणि दर शनिवारी मी त्यांचा कारकून. हलकी गोळी, जड गोळी, चपट्या तोंडाची, गोल तोंडाची. शिशात कथील किती, शिसं कडक करणारं अँटिमनी किती. नवशिक्याला वाटतं, गोळी जितकी कडक तितकी चांगली. मलाही वाटायचं. काका चिडायचे. "एवढ्याशा रिव्हॉल्व्हरचा जोर तो केवढा! कडक गोळी नळीत फुलून बसत नाही, बाजूने गॅस निसटतो आणि नळीला आतून शिसं माखतं. स्थळ बघतोस ना, तसं बघ. मुलगा नुसता भारी असून काय उपयोग? घराला मानवला पाहिजे." रेंजवर पाच गोळ्या झाडून झाल्या की ते नळीत डोकावत आणि शिशाचा एक ठिपका दिसला तरी आख्खी परात नापास करत. मला मजा येत होती, हे कबूल केलं पाहिजे. इतक्या बारकाईने काम करणारा माणूस मी ऑफिसात कधी पाहिला नव्हता.

उरलेलं शिसं ते लहान गोलसर ढेकळांत ओतून फळीवर रांगेने मांडून ठेवत. "काका, हे तर आप्पे!" मी एकदा म्हणालो. "आहे एक जुना साचा," म्हणाले, आणि त्यांनी विषय बदलला.

काकूंच्या आईचं बिडाचं आप्पेपात्र होतं. लग्नानंतर सुटकेसमधून आणलेलं, आईची राहिलेली एकुलती एक वस्तू. ते मध्यंतरी हरवलं होतं. "हे म्हणाले, बेसमेंट आवरताना डोनेशनच्या खोक्यात गेलं असेल," काकू सांगत, आणि सांगताना अजून त्यांचा चेहरा पडे. मागच्या ऑक्टोबरात ते त्यांना गराजमध्ये रंगाच्या डब्यांमागे सापडलं. त्यांना कोण आनंद! दोन दिवस घासून, तेल पाजून, तापवून त्यांनी ते माझ्या बायकोला, अदितीला, आणून दिलं. "माझ्याच्याने आता उचलवत नाही गं. ईराला दात येतायत, मऊ मऊ आप्पे कर तिला."

ईरा तेव्हा पावणेदोन वर्षांची होती आणि दुसरं काही तोंडात घेत नव्हती. आप्प्यांवर मात्र तुटून पडली. पात्राच्या एका खळग्यात ओतकामाचा बारीक खड्डा होता, त्यामुळे त्यातल्या आप्प्याला इवलंसं नाक यायचं. तो नाकवाला आप्पा तिचा. आठवड्यातून चारदा तरी आप्पे होत.

नोव्हेंबरात एका दुपारी काका आमच्याकडे आले. पात्र सिंकपाशी निथळत होतं. त्यांनी ते उचललं, उलटसुलट केलं, एका खळग्यातून अंगठ्याचं नख फिरवलं. "हे कुठून आलं?"

"काकूंनी दिलं," अदिती म्हणाली. "घ्या ना काका, गरम आहेत."

"नको, आज माझा उपास आहे." पात्र खाली ठेवून ते गेले. ईरा उंच खुर्चीत बसून खात होती. जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेले.

जानेवारीत डे-केअरच्या फॉर्मसाठी ईराचं रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंचा फोन आला. म्हणाल्या, शून्य हवा तो शिशाचा आकडा नऊ आहे. पुढे त्या मेंदूच्या वाढीबद्दल, बोलायला उशीर होण्याबद्दल, शाळेत लक्ष न लागण्याबद्दल हळू आवाजात बोलत राहिल्या. अदिती फोन कानाला लावून जमिनीवरच बसली. ईराला तेव्हा मोजून सहा शब्द येत होते. तोवर आम्ही गमतीने मोजायचो. त्या दिवसापासून भीतीने मोजायला लागलो.

आरोग्य खात्याची बाई घरी आली. तिने भिंतींचा रंग खरवडला, नळाचं पाणी भरून नेलं, हळद, तिखट, कुंकू, पितळेची समई, खेळणी, सगळं तपासायला नेलं. आम्ही माझ्या आईने पाठवलेला गोडा मसाला फेकला, देवघरातली भांडी फेकली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पोरगी दुसरं खात नाही म्हणून आप्पे मात्र चालूच.

काका आले. खुर्चीत बसून अर्धा तास हळदीवर बोलले. "रंग यावा म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिसंच, घालतात, माहितीये? माणसं कुठल्या थराला जातात बघ." जाताना ऑरगॅनिक हळदीची बरणी ठेवून गेले. मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेलो आणि थँक्यू म्हणालो. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

दुसरा रिपोर्ट अकरा आला. त्या शनिवारी मी त्यांची गोळ्यांच्या आकड्यांची वही परत करायला गराजमध्ये गेलो. डोकं सुन्न होतं, उगाच फळीवरचं एक ढेकूळ उचललं आणि हातात फिरवलं. त्याला इवलंसं नाक होतं. पुढचं उचललं, त्याला नव्हतं. सातवं उचललं, त्याला पुन्हा नाक. ईराच्या चिमुकल्या मुठीत मी ते रोज बघत होतो.

"काका, तुम्ही कशात ओतलंय हे?"

ते गोळ्या बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. "मला वाटलं, घासून निघून गेलं असेल."

"बिडातून? आंबवलेलं पीठ रोज त्यात उकळतंय! तुम्ही मेटलर्जीवाले ना? कधी कळलं तुम्हाला?"

"सिंकपाशी बघितलं तेव्हा."

"म्हणजे नोव्हेंबर. आणि आम्ही हळद फेकतोय!"

"अरे निखिल, उषाला काय सांगणार होतो? तिच्या आईचं पात्र. मीच घेतलं आणि डोनेशनमध्ये गेलं म्हणालो. तिने दोन दिवस जेवण सोडलं होतं त्या वेळी." मग चष्मा कपाळावरून खाली घेत त्यांनी विचारलं, "आकडा किती आला?"

"अकरा."

"अकरा म्हणजे फार नाही. आमच्या फाउंड्रीत चाळीस-चाळीस असायचा लोकांचा. उषाला सांगू नकोस."

केसाएवढी सुरकुती ज्याला चालत नव्हती त्याने हे म्हटलं. मला त्या क्षणी त्यांचा संताप आला नाही, किळस आली. त्या नखाची, त्या बशीची, त्यांच्या शेजारी बसून मजेत आकडे लिहिणाऱ्या माझीसुद्धा. गराजमधून स्वयंपाकघरात जायला एक दार आहे. ते उघडून मी आत गेलो आणि काकूंना सगळं सांगितलं.

काकू उभ्या होत्या, उभ्याच राहिल्या. त्यांनी एकच विचारलं, "त्या दिवशी यांनी खाल्ले होते का आप्पे?"

"नाही. उपास आहे म्हणाले."

"चव्वेचाळीस वर्षं झाली लग्नाला," काकू म्हणाल्या. "यांनी एक उपास केलेला नाही."

पात्र, ढेकळं, शिशाचे डबे सगळं मी घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन दिलं. काका नंतर एकदा माफी मागायला दारात आले. अदितीने दार उघडलं नाही, मीही उघडलं नाही.

ईराचं रक्त अजून दर महिन्याला तपासतात. काकू दर वेळी दवाखान्यात येतात. आम्ही नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. ईराला मांडीवर घेतात, तिचा हात घट्ट धरतात, सुई टोचली की स्वतः डोळे मिटतात. काकूंना ड्राइव्ह करता येत नाही, म्हणून काका त्यांना सोडायला येतात आणि पार्किंग लॉटमध्ये गाडीतच बसून राहतात.

गेल्या आठवड्यात आकडा पाचावर आला. काकू रडल्या, अदिती रडली. काकूंना गाडीपर्यंत सोडायला मी गेलो. काकांनी काच खाली केली. फार थकलेत. दाढी वाढली होती.

"किती आला रे?"

मी गाडीपासून मागे सरकलो. त्यांनी काकूंकडे बघितलं. "उषा, किती?"

काकूंनी मागचं दार उघडलं, मागच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "चला."